आजीच्या शिव्यांना पंधराचं सर्टिफिकेट

मंगळवारी दुपारी चार बावन्नला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या ब्रिटनमधल्या नगरपालिकेचा, मेल आला. आमचा मराठी शॉर्ट फिल्म्सचा फेस्टिव्हल शनिवारी. कुठली फिल्म कुठल्या वयाला चालेल हे ठरवून घ्यायचा फॉर्म आम्ही पाठवला होता पस्तीस दिवस आधी, कारण कौन्सिल अठ्ठावीस दिवस मागतं, म्हणून वरचे सात दिवस आम्हीच धाकापोटी धरले होते. मधल्या दिवसांत तीनदा फोन केला, दोनदा मेल केला, एकदा स्वतः जाऊन काउंटरवर उभी राहिले, आणि उत्तर येतं ते ऑफिस बंद व्हायच्या आठ मिनिटं आधी, म्हणजे त्या दिवशी कुणाला फोनसुद्धा लावता येऊ नये.

आणि मेलमध्ये काय, तर नऊ शॉर्ट फिल्म्सपैकी आठ ठीक, नववी १५. नववी म्हणजे अकरा मिनिटांची, आजी आणि नातवाची. १५ म्हणजे पंधराच्या खालचं पोर आत नाही, आईबाप दोन्ही बाजूंनी हात धरून बसले तरी नाही. १२ए दिलं असतं तर बारीक पोरं मोठ्यांबरोबर बसली असती. १५ ला ती सोयच नाही. आणि ही फिल्म आम्ही पोरांसाठीच घेतली होती हो! रविवारच्या मराठी वर्गातली सव्वीस पोरं आहेत, सात ते बारा वर्षांची, त्यांनी त्या फिल्मचं पोस्टर स्वतः रंगवलंय, कोंबडीला निळे पंख दिलेत, ते पोस्टर हॉलच्या दारावर तीन आठवडे लागलंय. आता त्याच दारात मी उभी राहून त्यांना सांगायचं की तुम्ही बाहेर थांबा.

कारणं वाचून माझं डोकं फिरलं. फिल्ममधली आजी कवठेमहांकाळच्या बाजूची, नातू चिंचेच्या झाडावर चढतो, ती खालून ओरडते, "उतर, मुडदा बशिवला तुझा!" आता हे आपल्याकडे कुणी कुणाला म्हटलं नाही? माझी आजी मला दिवसातून चारदा म्हणायची आणि त्याच तोंडानं जेवायला वाढायची. पत्रात काय लिहिलंय, तर पालकाकडून मुलाला जिवे मारण्याची धमकी. पुढं ती त्याला लाडानं "भाड्या" म्हणते, कडेवर घेता घेता, हसत, गालाला हात लावून. सबटायटल करणाऱ्या पोरानं शब्दकोशातला अर्थ लिहिला, बायकांचा दलाल. झालं, लैंगिक संदर्भ. आजी मशेरी लावते, तर मादक पदार्थाचं सेवन. नातू झाडावर चढतो, तर इमिटेबल बिहेवियर, म्हणजे मुलं बघून तसंच करतील. अहो करू देत की! झाडावर चढू देत! इथल्या पोरांना चिंचेचं झाड दाखवायला मला विमानाचं तिकीट काढावं लागतं.

चार मुद्दे, आणि चारही त्या बाईच्या प्रेमाचेच. त्या अकरा मिनिटांत दुसरं काही नाहीच. ती त्याला खाली उतरवते, अंघोळ घालते, मग दोघं मिळून कोंबडी शोधत फिरतात. कोंबडी सापडते. संपली फिल्म. कोंबडी कापतसुद्धा नाहीत. तरी मधे एक मेल आला होताच की १९३७ च्या प्राण्यांच्या कायद्याखाली लेखी द्या, शूटिंगमध्ये प्राण्याला इजा झाली नाही. दिलं लेखी. दिग्दर्शकानं कोंबडीचा आजचा फोटो पाठवला, तोही जोडला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो कायदा चांगला आहे. पण कोंबडीची एवढी चौकशी केलीत, मग त्या आजीची एक ओळ समजून घ्यायला फोन नाही करता आला? "हा शब्द तुमच्यात कसा वापरतात हो?" एवढं एक वाक्य. फॉर्मवर माझा नंबर तीन ठिकाणी लिहिलाय.

उलट मधल्या काळात विचारलं काय, तर शेवटच्या जात्यावरच्या ओवीला सबटायटल का नाही. दोन ओळींची ओवी. मी रात्री बसून तिचा इंग्रजी अर्थ लिहून पाठवला, आणि तो लिहिताना मला रडू आलं, कारण त्या ओवीचं इंग्रजी होत नाही, केलं की ती मरते. त्या मेलचं उत्तरही आलं नाही.

सबटायटल करणाऱ्या मुलावर मी पहिले दोन तास भयंकर चिडले होते, तेही लिहिते. त्याला मी फोनवर वाट्टेल ते बोलले आणि मग रात्री माफी मागितली. त्यानं प्रामाणिकपणे शब्दाला शब्द लिहिला. त्यानं सौम्य केलं असतं तर उद्या आपल्यातलेच कुणीतरी म्हणाले असते की भाषा गुळगुळीत केली. चूक त्याची नाही. ज्याच्या हातात शिक्का आहे त्याला ती भाषा येत नाही, आणि येत नाही हे ठाऊक असून त्यानं विचारलं नाही, चूक तिथं आहे.

आणि लायसन्सचं वेगळंच. कौन्सिलातल्या पहिल्या माणसानं सांगितलं टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे एका कार्यक्रमापुरती नोटीस, द्या, एकवीस पाउंड भरा, दहा वर्किंग डे आधी. दिली, भरले. दुसरा म्हणाला, अहो तुम्हाला गरजच नाही, ६ एप्रिल २०१५ पासून कम्युनिटी हॉलमध्ये, नफा न कमावता, सकाळी आठ ते रात्री अकराच्या मधे, पाचशेच्या आतल्या लोकांना फिल्म दाखवायला लायसन्स लागत नाही. मी म्हटलं, सुटलो! एकवीस पाउंड परत मिळतील का? नाही. बरं, जाऊ द्या, मग फिल्म दाखवू ना? नाही, कारण त्या सवलतीतच अट आहे की एज रेटिंग पाळलं पाहिजे. आणि रेटिंग देणार कोण, तर एक तर बीबीएफसी, म्हणजे इथलं सेन्सॉर बोर्ड, जिथं फिल्मच्या मिनिटामिनिटाचे पैसे लागतात, नाहीतर हेच कौन्सिल. आणि इथले दर फिल्ममागे तीस पाउंड. नऊ फिल्म्सचे दोनशे सत्तर पाउंड आम्ही भरले, तिकीट पाच पाउंड असलेल्या कार्यक्रमासाठी, ज्यात पोरं फुकट होती.

रात्री एक वाजेपर्यंत जागून मी हे सगळं वाचत बसले, झोप येतच नव्हती. मूळ कायदा १९०९ चा आणि तो होता आगीसाठी! तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भसकन पेटायची, माणसं मरायची, म्हणून थिएटरला लायसन्स आणि ते द्यायचा अधिकार कौन्सिलला. दारं किती, बादल्या कुठं, प्रोजेक्टरची खोली वेगळी आहे का, हे बघायला. मग त्याच लायसन्सच्या अटींमधून रविवारी खेळ नको, अमुक दाखवू नका, असं शिरत गेलं आणि कोर्टानंही ते चालू दिलं. गावोगावी वेगळे नियम होऊन धंदा बसेल म्हणून १९१२ मध्ये फिल्मवाल्यांनीच ते बीबीएफसी बोर्ड काढलं. तरी आजही थिएटरमध्ये काय दाखवायचं याचा शेवटचा शब्द कौन्सिलचाच, २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टमध्येसुद्धा तो तसाच ठेवलाय. म्हणजे बादल्या मोजायला दिलेला अधिकार आज आमच्या आजीच्या तोंडापर्यंत आलाय.

आणि हाच अधिकार लोकांच्या बाजूनं वापरता येतो हो, हेच तर जास्त लागलं मला! २००२ मध्ये 'स्पायडरमॅन'ला बोर्डानं १२ दिलं, तेव्हा बारीक पोरं आत जाऊ शकत नव्हती, तर कितीतरी कौन्सिलांनी बोर्डाचं न ऐकता आपापल्या गावात पोरांना आत सोडलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १२ए आलं. मोठ्या स्टुडिओच्या सिनेमासाठी आईबापांनी आरडाओरडा केला की पोरांना आत सोडायची हिंमत होते. सव्वीस मराठी पोरांसाठी होत नाही. तिकडं ग्लासगोमध्ये १९७९ सालच्या एका विनोदी सिनेमावरची बंदी उठायला २००९ उजाडलं, तीस वर्षं! आणि मला मेलच्या शेवटी लिहितात की निर्णय मान्य नसेल तर फेरविचारासाठी अर्ज करा, दहा वर्किंग डेजमध्ये उत्तर देऊ. शनिवार तीन दिवसांवर आलाय.

त्याच हॉलमध्ये आम्ही गणपतीत फार्स केला होता. त्यात नवरा कपाटात, शेजारीण पलंगाखाली, आणि संवाद असे की माझ्या सासूबाई उठून चहा करायला गेल्या. पोरं पुढच्या रांगेत बसून हसत होती. कुणी विचारलं? नाही. कारण नाटकावरची सेन्सॉरशिप इथं १९६८ मध्येच गेली. म्हणजे तीच आजी स्टेजवर उभी राहून "मुडदा बशिवला" म्हणाली तर चालतंय, पडद्यावर म्हणाली की १५. आणि हीच फिल्म पोरं घरी फोनवर बघू शकतात, आजच, फुकट, एकटी, दार लावून. फक्त सगळ्यांनी एकत्र, आपल्या माणसांत बसून, मोठ्या पडद्यावर बघायची नाही. मला हेच समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही.

आपल्याकडं फार चांगलं आहे असं कुणी मला सांगायला येऊ नका. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीत, त्या सरकारी फिल्म फेस्टिव्हलात, ज्युरीनं निवडलेला आपला मराठी सिनेमा 'न्यूड' मंत्रालयानं यादीतून काढला, 'एस दुर्गा'ही काढला, ज्युरीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, तो राग माझा अजून गेलेला नाही. नाटकाची संहिता महाराष्ट्रात आजही परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडं, द्यावी लागते. पण निदान सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर तिकडं यूए ७+, १३+, १६+ असं आहे, आणि त्यात पोराला न्यायचं की नाही हे आईबाप ठरवतात. इथं माझ्या पोरीनं तिच्या आजीसारख्या आजीचं बोलणं ऐकावं की नाही, हे मी ठरवू शकत नाही.

सगळ्यात संताप कुणाचा येतो सांगू? आपल्याच लोकांचा. ग्रुपवर मेल टाकला, तर पहिल्या पाच मिनिटांत सात जण, "जाऊ दे ना, नियम आहे." एक म्हणतात, ती फिल्म काढून टाका, आठ आहेत की. एक म्हणतात, आपण बाहेरचे, कशाला नजरेत यायचं. बाहेरचे? सोळा वर्षं मी इथं कौन्सिल टॅक्स भरतेय! आणि एका बाईंनी लिहिलं की खरं तर अशी भाषा मुलांच्या कानावर नाहीच पडली तर बरं, आपली चांगली संस्कृती दाखवू. या वाक्यावर मी फोन फेकायच्या बेतात होते. चांगली संस्कृती म्हणजे काय, फक्त पैठणी आणि मोदक? शेणानं सारवलेल्या अंगणात मशेरी लावत उभी राहिलेली बाई त्यात बसत नाही का? कौन्सिलातल्या माणसाला ती कळली नाही, त्याला भाषा येत नव्हती. तुम्हाला तर येते.

मला हे दार नवीन नाही. सांगलीत बाबा फिल्म सोसायटीचं काम बघायचे. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमधून पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची, ती एसटी स्टँडवर घ्यायला मी बाबांबरोबर जायचे, डबे सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचो, एक डबा मी मागनं धरायचे. आणि संध्याकाळी खेळ सुरू झाला की मी बाहेर. कारण सेन्सॉर न झालेल्या फिल्म, सभासद अठरा वर्षांच्या वरचेच. बाबांनी नियम कधी मोडला नाही. मी दाराला कान लावून बसायचे आणि आतनं कुठली तरी अनोळखी भाषा ऐकू यायची, आणि लोक हसले की मला वाटायचं काय झालं असेल आत. अकरा वर्षांची होते मी. ती भाषा माझी नव्हती तरी इतकं वाईट वाटायचं. या पोरांना तर स्वतःचीच भाषा दाराबाहेरनं ऐकावी लागणार.

बुधवारी सकाळी नऊला फोन लावला, अकरा वाजता माणूस मिळाला. तो उर्मट नव्हता, हे सांगायलाच हवं, पण त्याच्याकडं एकच उत्तर होतं. सबटायटल बदलून नवी फाइल पाठवली तर ती नवीन फिल्म धरली जाईल, परत तीस पाउंड, परत अठ्ठावीस दिवस. मी त्याला भाड्या या शब्दाचा अर्थ फोनवर समजावून सांगितला, वीस मिनिटं. तो म्हणाला, तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतो.

तर शनिवारी साडेचारला पोरांना शेजारच्या खोलीत रांगोळी काढायला बसवायचं आणि मोठ्यांना ती फिल्म दाखवायची, असं ठरलंय. यादीतनं मी ती काढू दिली नाही, त्यावरनं दोघंजण ग्रुप सोडून गेले. मधली भिंत प्लायवूडची आहे, आवाज जातो.

काल रात्री दिग्दर्शकाचा व्हिडिओ कॉल आला. फिल्ममधली आजी ही त्याची खरीच आजी. त्यानं तिला सगळं सांगून ठेवलं होतं, सांगायला नको होतं. ती फोन तोंडाजवळ धरून माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "माझ्या बोलण्यानं पोरांचं ऱ्हायलं व्हय गं बाई? आधी सांगायचं हुतं, म्या गप बसली असती."