ब्रेक पॅड बदलणं एकदम सोप्पंय म्हणे

गाडीतले बाकीचे पार्ट तसे सोशिक असतात. क्लच महिनोन् महिने झिजत राहतो, टायर गुपचूप गुळगुळीत होतो, बॅटरी तर एका सकाळी काही न बोलता राम म्हणते. ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारा तुकडा, मात्र बोंब मारतो. त्याला पत्र्याची एक छोटी पट्टी लावलेली असते, पॅडचं मटेरियल २-३ मिलीमीटर उरलं की ती फिरत्या डिस्कला टेकते आणि मग जो काही आवाज निघतो त्याने सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघतो. हा बिघाड नाहीये हे लक्षात घ्या, कुठल्या तरी इंजिनिअरने शांत डोक्याने बसून ठरवलंय की याला असा आवाज ऐकवायचा की हा बदलूनच टाकेल. तसं किंचाळणं या खानदानातच आहे. १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, त्यात घासायला तांबं वापरलं होतं आणि ते इतकं कर्कश वाजायचं की बस. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं झाली, मटेरियल बदललं, स्वभाव तोच.

आता पॅड बदलायचे तर घरीच बदलू असं डोक्यात येण्यामागे व्हिडिओ असतात. व्हिडिओतला माणूस चाक काढतो, दोन बोल्ट बोटांनी फिरवतो, जुने पॅड बाहेर, नवे आत, हात पुसतो, संपलं, वीस मिनिटं. त्या माणसाचे बोल्ट कधी पावसात भिजलेलेच नसतात. त्याच्याकडे नट, वायसर खाली पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्याच्या शेजारी कोणी काका राहत नाहीत.

त्यात पॅड बघायला बसलं की माणूस पॅडवर थांबत नाही. भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात, चरे पाडलेल्या दिसतात, लाल रंगाचे दणदणीत कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) दिसतात, आणि मनात येतं की करतोच आहोत तर अपग्रेडच करू ना. मीही दोन रात्री त्या लाल कॅलिपरकडे बघत काढल्या. मग कळत जातं की मोठी डिस्क बसवायची तर तिच्यावर बसणारं चाक मोठं लागतं, चाक मोठं तर टायर बदला, कॅलिपरमधले पॅड ढकलणारे पिस्टन मोठे केले तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या पंपाचं, गणित हलतं आणि पेडल खोल जायला लागतं. आणि एवढं करून गाडी थांबवतो कोण, तर टायर. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवत असेल तर तुमचे ब्रेक आत्ताच टायरच्या ताकदीला पुरून उरतायत, वर कितीही लाल रंग लावा. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता झेलायला, म्हणजे लांबलचक घाट उतरताना नाहीतर रेस ट्रॅकवर. माझी गाडी ज्या वेगाने फिरते त्या वेगाला तिचा हॉर्न जास्त तापतो.

तर शेवटी अपग्रेड म्हणजे एक पायरी वरचे पॅड आणि नवीन ब्रेक ऑइल. सगळे ऑइल म्हणतात, पण ते ऑइल नसतं, आणि ते हवेतली ओल पीत राहतं. ताजं डॉट ४ (हा या ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल पिऊन बसलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो, आणि पाइपात वाफ झाली की पेडल स्पंज होतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. बाटली घेताना नीट वाचा मात्र, कारण डॉट ५.१ हे डॉट ४ च्या घरातलं आणि डॉट ५ हे पूर्ण वेगळं, सिलिकॉनवालं, दोन्ही एकत्र चालत नाहीत. ब्रेकसारख्या गोष्टीत एका टिंबावर सगळं सोडणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

कामाची सुरुवात चाकाच्या नटांपासून. ते गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, उचलल्यावर चाक नुसतं फिरतं. ढिले करायचे म्हणजे काय, पान्यावर उभं राहायचं. मी पान्यावर अख्खा उभा असताना काका आले. "काय रे, चाक काढतोयस?" नाही काका, वजन करतोय. पण असं बोलता येत नाही, म्हणून मी म्हटलं "हो, ब्रेकचं काम काढलंय". बस्स, तिथून पुढे ते जागचे हलले नाहीत. जॅक लावला, मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकवरच्या गाडीत हात घालणाऱ्यांबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही), तेव्हा काकांचं म्हणणं की आमच्या वेळी दगड लावायचो. नट निघाले, चाक निघेना. गंजाने ते हबला चिकटून बसलेलं. मग दोन नट परत चार आटे लावून टायरला बाजूने लाथा घालायच्या, हा अधिकृत उपाय आहे. वरच्या गॅलरीतून बायकोने विचारलं, "अरे भांडण झालंय का कोणाशी?"

आत कॅलिपर दिसला. खालचा एक बोल्ट काढला की तो वर उचलता येतो, वजन रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचं नाही, तारेने बांधायचा. जुने पॅड हातात घेतले आणि खरी गंमत दिसली. बाहेरचा पॅड चांगला निम्मा शिल्लक, आतला जवळजवळ पत्र्यापर्यंत गेलेला. चाकाच्या फटीतून बघितलं की जो दिसतो तो बाहेरचा, तो बघून आपण निश्चिंत, आणि आतला बिचारा एकटा गाडी थांबवतोय. कारण स्लायडर पिन. कॅलिपर ज्या दोन पिनांवर इकडून तिकडे सरकतो त्यातली एक जाम झालेली होती, तिच्यावरचं ग्रीस वाळून तव्याला लागलेल्या भाकरीसारखं काळं कडक झालेलं. ती पिन बाहेर काढायला जो वेळ गेला तेवढ्यात व्हिडिओवाल्याने चारही चाकं करून गाडी विकली असती. फिरवायची, ओढायची, परत थोडी आत, परत बाहेर, मग एकदम टप्प. पुसली, घासली, नवीन ग्रीस लावलं, आत ढकलली तर बोटाने सरकायला लागली. मला विचाराल तर अख्ख्या अपग्रेडमध्ये सगळ्यात भारी अपग्रेड हेच, आणि ते कुठल्याच पेटीवर लाल अक्षरात छापलेलं नसतं.

काका तोपर्यंत डिस्कवरची काळी धूळ फुंकायला वाकले होते. "काका नको, ती छातीत जाते", म्हटलं. मग म्हणाले ग्रीस हातात आहेच तर डिस्कलाही थोडं लाव, आवाज जाईल. आवाज जाईल हे खरंच आहे, गाडी न थांबल्यामुळे बाकीचेही बरेच आवाज कायमचे जातील.

नवा पॅड जाड, म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यावर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू आवळायचं, आणि तिकडे बॉनेटखाली टाकीतलं ऑइल वर चढतं, ते सांडलं तर गाडीचा रंग खातं. म्हणून बायकोला खाली बोलावून टाकीवर उभी केली.

"चढतंय का?"
"काय?"
"ऑइल."
"कुठपर्यंत चढायला हवंय?"
"मॅक्सच्या वर जायला नको."
"मॅक्स कुठे लिहिलंय?"
"बाजूला."
"बाजूला मिन लिहिलंय."
"त्याच्या वर."
"त्याच्या वर तुझ्या हाताचा डाग आहे."

क्लॅम्प सोडून मी स्वतः जाऊन पुसून आलो.

दुसऱ्या बाजूचं चाक एक बाजू पूर्ण होईपर्यंत उघडायचं नाही, कारण त्या स्टीलच्या क्लिपा कशा बसतात याचं उत्तर फक्त तिथेच शिल्लक असतं. आणि पॅड बदलायचे तर दोन्ही चाकांचे, एकीकडे नवे एकीकडे जुने ठेवले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. दुसऱ्या बाजूचं सगळं सरळ निघालं, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग ऑइल बदलायचं, बायको पेडल दाबणार, मी खाली कॅलिपरवरचं निपल (जुनं ऑइल सोडायची छोटी तोटी) उघडणार, "दाब, धर, सोड", हे आमच्यात बऱ्यापैकी जमलं, फक्त मध्ये काकाही "दाब" म्हणायला लागल्यावर नक्की कोणाचं ऐकायचं हा प्रश्न आला. पाइपातून काळपट चहाच्या रंगाचं जाऊन स्वच्छ पिवळसर यायला लागलं, बुडबुडे थांबले, निपल बंद. निघायच्या आधी पेडल परत परत दाबून कडक झालंय ना बघायचं. पिस्टन मागे गेलेला असतो, तसंच निघालात तर पहिला ब्रेक थेट फ्लोअरला टेकतो आणि गाडी आपल्या मार्गाने पुढे जाते.

शेवटचं काम पॅड बसवणं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास न्यायची आणि बऱ्यापैकी दाबून दहा-पंधरावर आणायची, थांबवायची नाही, परत वेग, परत ब्रेक, आठ-दहा वेळा, म्हणजे पॅडचा एकसारखा थर डिस्कवर चढतो. "मी येतो, मला ब्रेकचं कळतं", म्हणून काका पुढच्या सीटवर बसले. पहिल्या ब्रेकला त्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला. दुसऱ्याला त्यांनी वरचं हँडल धरलं. मधेच नवीन पॅडचा जळका वास यायला लागला, तो येतोच, असं मी त्यांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे सूचना नव्हती. घरी आल्यावर उतरून त्यांनी दार अगदी हळू लावलं आणि म्हणाले, "लागतात बरे. पण मागचे करशील तेव्हा मला सांगू नकोस."

मागे डिस्क नाहीत, ड्रम ब्रेक आहेत. ड्रमच्या आत स्प्रिंगा असतात. मीही सांगणार नाहीये, गॅरेजवाल्याला सोडून कोणालाच.