अख्खी ज्वारी

माझी पत्नी मला सोडून माहेरी गेलेली नाही, हे सर्वप्रथम स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. शनिवारी सकाळी मी धान्याच्या दुकानात उभा होतो तेव्हा ती घरीच होती आणि हातातली पिशवीही तिनेच दिलेली होती.

रक्तातली साखर वाढल्यामुळे आहारतज्ज्ञ बाईंनी मला ग्रिल केलेले चिकन आणि अख्ख्या धान्याचा बाउल खाण्यास सांगितले आहे. धान्य म्हणून त्यांनी क्विनोआ सुचवला होता. परंतु सोलापुरात राहून दक्षिण अमेरिकेतले धान्य कशाला शिजवायचे, आपली मालदांडी ज्वारी काय वाईट, असा स्वाभिमानी विचार मी केला आणि तिथेच फसलो.

"दळून पाठवू का?" दुकानदाराने सवयीने विचारले.

"नको. अख्खीच हवी आहे."

शेंगदाण्याच्या पोत्यावर एक पटकेवाले आजोबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"कोंबड्या पाळल्याव का ओ?"

"नाही. मीच खाणार आहे. शिजवून."

"अख्खी?"

"अख्खी. चिकनबरोबर."

आजोबांनी बराच वेळ हिशेब केला. "म्हंजी कोंबडीचं खाणं कोंबडीसंगं, अन् दोन्ही तुमच्या ताटात."

"ताटात नव्हे, बाउलमध्ये."

"कशात?"

"वाडग्यात," मी म्हणालो, आणि त्या एका शब्दाने घात केला. आजोबांच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळून तिथे निर्भेळ करुणा उमटली. ते पोत्यावरून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "मंडळी माहेरी गेल्यात व्हय?"

मी नाही म्हणालो. त्यांनी ते ऐकले नाही. "भरडून द्या रे ह्यान्ला," त्यांनी दुकानदाराला आज्ञा केली, "कण्या तरी करून खातील."

२०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. तरीही त्या दुकानात ज्वारीची अप्रतिष्ठा झाली ती माझ्यामुळेच, असे सर्वांचे मत दिसले. मला खरा राग याचा आहे की पुरुषाने एक दिवस चूल धरली की घर मोडले असे गृहीत धरले जाते, आणि बाईने तीस वर्षे भाकऱ्या थापल्या तर तिचे कसे चालले आहे हे कोणी विचारत नाही. 'हुरडा काय तुम्ही दळून खाता?' हे बिनतोड उत्तर मला सुचले तेव्हा मी सात रस्त्यापर्यंत पोहोचलो होतो.

ज्वारी रात्रभर भिजवली. रविवारी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, तरी दाणा दाताखाली आपले स्वातंत्र्य जपूनच होता. मग आणखी पाच केल्या. चिकनच्या छातीच्या तुकड्यांना दही, आले-लसूण आणि काळे तिखट चोळून ग्रिल पॅनवर ठेवले. कच्चे राहू नये या भीतीने ते मी इतका वेळ ठेवले की वर सुंदर काळ्या रेघा उमटल्या आणि आत पुठ्ठा तयार झाला. काकडी, कांदा, लिंबू, वरून शेंगाचटणी. या वाडग्याचा जो काही भाग चांगला लागला, तो चटणीचा होता.

मी तो चावत असतानाच दार वाजले. दुकानातला पोरगा एका फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या घेऊन आला होता. आजोबांनी सुनेला सांगून करून घेतल्या होत्या. दार पत्नीने उघडले. पोरगा तिच्याकडे बघतच राहिला आणि अत्यंत आनंदाने म्हणाला, "आलाव का काकू? बरं झालं बघा!"

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. उरलेली पाऊण किलो ज्वारी तिने गच्चीवर चिमण्यांसाठी ठेवली आहे.