नव्या मेमरीची वाट बघत सौद्याचा हंगाम घालवू नका

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो, तर दिवाणजींनी मोबाईल पुढे केला. "हे वाचा आणि रॅम (कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी, वीज गेली की सगळं विसरणारी) टाकूच नका." मेसेज असा: वीज गेली तरी न विसरणारी मेमरी येते आहे, दोन वर्षांत रॅम आणि एसएसडी (फाइली साठवायची चिपांची डिस्क) भंगारात जातील, भाव कोसळतील, शिवाय गुजरातेत साणंदला मेमरी चिपांचा कारखाना झालाय. म्हणून आत्ता काही घेऊ नका.

"न विसरणारी मेमरी येते आहे." ती कधीच आली. एमरॅम, एफरॅम या तशाच न विसरणाऱ्या मेमरी आज मीटरमध्ये, कारखान्यांच्या यंत्रांत आहेत. पण त्यांच्या बहुतेक चिपांची क्षमता मेगाबिटांत मोजतात. आपल्या कॉम्प्युटरला गिगाबाइट लागतात, म्हणजे हजारो पटींनी जास्त.

"सरस तंत्र जुन्याला हटवणारच." मेसेजमागचा समज हाच, आणि सगळा घोळ त्यातच आहे. जुलै २०१५ मध्ये इंटेल आणि मायक्रॉन या बड्या चिप कंपन्यांनी थ्रीडी एक्सपॉइंट ही न विसरणारी नवी मेमरी जाहीर केली. फ्लॅशपेक्षा, म्हणजे एसएसडीतल्या मेमरीपेक्षा, हजारपट वेगवान, असा दावा होता. २०१७ पासून ती 'ऑप्टेन' नावाने बाजारात आली आणि खरोखर चांगली होती; छोट्या छोट्या नोंदी शोधायला तिचा हात धरणारी एसएसडी मिळत नव्हती. पण माल थोडा म्हणून महाग, आणि महाग म्हणून खप थोडा. तिकडे फ्लॅशवाले चिपेत मेमरीचे थरावर थर चढवत स्वस्त होत गेले. त्यात रॅमच्या जागी बसणारी ऑप्टेन फक्त इंटेलच्याच प्रोसेसरवर चाले. मार्च २०२१ मध्ये मायक्रॉन बाहेर पडली. जुलै २०२२ मध्ये इंटेलने धंदा गुंडाळला आणि ५५.९ कोटी डॉलरचा साठा तोट्यात टाकला. इतक्या मोठ्या दोन कंपन्यांना जे जमलं नाही, ते दोन वर्षांत होईल हे कशाच्या जोरावर म्हणायचं? डीरॅमचं, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरातल्या रॅमचं, मूळ पेटंट १९६८ चं, आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांचं. सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावी लागणारी ही विसराळू मेमरी अजून टिकून आहे, कारण नव्या स्पर्धकाला तिच्या आजच्याच नव्हे, उद्याच्या भावालाही हरवावं लागतं.

"भाव कोसळतील." भाव पडतात, २०२३ मध्ये पडलेही होते, पण माल तुंबल्यामुळे, नव्या तंत्रामुळे नव्हे. २०२५ च्या उत्तरार्धात ते भडकले, कारण एआयच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम ही वेगवान मेमरी म्हणजे एकावर एक रचलेली डीरॅमच, साधी रॅम बनवणाऱ्या त्याच कंपन्यांची; त्या तिकडे वळल्या आणि साध्या रॅमचा माल कमी पडला. डीडीआर४ या जुन्या पिढीच्या रॅमचं उत्पादनही त्यांनी आवरतं घेतलं.

साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पात चिपांची जुळणी आणि चाचणी होते, वेफर, म्हणजे ज्यातून चिपा कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, बाहेरून येतात. भाव जगाच्या बाजारात ठरतो.

दिवाणजींच्या मशीनमध्ये चार जीबी रॅम आहे. सौद्याच्या दिवशी हळदवाला शेतकरी विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीसाठी काउंटरपाशी ताटकळतो आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. मी मशीन उघडून दाखवलं, दुसरा स्लॉट रिकामाच होता. आठ जीबीची स्टिक त्यात बसेल.