पिशवी काढली म्हणजे सुटका होत नाही

परळला राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी परवा मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले, "अगं, मीही काढूनच टाकू का?" त्यांना तीन गटांतून आलेल्या त्या संदेशात म्हटले होते की पंचेचाळिशीनंतर गर्भपिशवी निरुपयोगी असते, ती काढली की पाळी जातानाचे सगळे त्रास संपतात, हे त्रास दोन-चार महिन्यांचे आणि मनाचेच असतात, आणि सोयाबीनने हार्मोन भरून निघतात.

पिशवी काढली की त्रास संपतात, हा दावा सर्वांत घातक आहे. अंगातून वाफा येणे, घामाने झोप मोडणे हे होते ते अंडाशयांतील इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी-जास्त होत अखेर आटते म्हणून. पिशवी काढल्याने रक्तस्राव थांबतो, वाफा थांबत नाहीत. उलट तिच्याबरोबर अंडाशयही काढले, तर जो बदल काही वर्षांत व्हायचा तो एका दिवसात अंगावर येतो, आणि कमी वयात तसे झाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. बीडमध्ये २०१९ साली राज्य सरकारच्या समितीला ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. एवढे होऊनही हा सल्ला आपण बिनदिक्कत पुढे पाठवतो, याचा मला संताप येतो.

जाऊबाईंना अतिरक्तस्राव होतो, हे खरे. सहा महिने त्या लोकलने कामावर जाताना पर्समध्ये जादा पॅड आणि गडद सलवार बाळगतात. परंतु त्यावर आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणे, गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबी असे उपाय आहेत. मोठ्या गाठी किंवा कॅन्सर असेल तर शस्त्रक्रिया लागते, हेही मी नाकारत नाही.

'मनाचे' हे अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील स्त्रियांच्या आरोग्यावरील 'स्वॅन' अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास ७.४ वर्षांहून अधिक काळ झाला, आणि ताण जास्त असलेल्यांत तो अधिक लांबला. रात्री दोनदा भिजून उठणारी आणि पहाटे साडेचारला पाणी भरून डबे करणारी बाई थकते, तेव्हा घरातल्यांनी ती कामे वाटून घ्यायला हवीत.

सोयाबीनने काही जणींच्या वाफा थोड्या कमी होतात. हार्मोन भरून निघत नाहीत.

शनिवारी सोनोग्राफी आहे. शस्त्रक्रिया सुचवलीच, तर ती नेमकी कशासाठी आणि अंडाशय राखणार का, हे दोन प्रश्न मी जाऊबाईंच्या फाइलवर लिहून दिले आहेत.