मालवणची हवा ‘बारमाही सुखद’ नाही

लेखात मालवणचं हवामान ‘बारमाही सुखद’ म्हटलंय, ते मला पटलं नाही. पारा पस्तिशीच्या फार वर जात नाही हे खरं, पण एप्रिल-मे महिन्यांत दमट हवेमुळे घाम सुकतच नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, तेव्हा कुठे जीव थंडावतो. पहाटे उलटा, जमिनीवरून मतलई वारा वाहतो. शिडाच्या होड्यांचं जाणं-येणं याच दोन वाऱ्यांवर चालायचं.

पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. तो दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्याच्या सच्छिद्र खडकात पाणी फार काळ थांबत नाही. आणि भर समुद्रातल्या कुरटे बेटावर, १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत! शिवाजी महाराजांच्या माणसांची पाण्याची पारख पाहून आजही ऊर भरून येतो.

लेखात मालवणजवळच्या देवबागचा उल्लेख मात्र हवाच होता. कर्ली नदी समुद्राला मिळण्याआधी किनाऱ्याला समांतर वाहते आणि नदी-समुद्राच्या मधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवर हे अख्खं गाव वसलंय. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळी उधाणात तिथे किनारा खचतो, माड मुळासकट कोसळतात. शेजारच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी ऑक्टोबरनंतर खुशाल यावं, पण एकदा जुलैतलं देवबागही बघावं.