नववीतल्या मुलाचं करिअर घडवण्याचे खात्रीशीर उपाय

अभिनंदन! तुमचं मूल नववीत गेलं. तसा उशीरच झालाय म्हणा, कारण समोरच्या फ्लॅटमधल्यांनी त्यांचा मुलगा सहावीतच फाउंडेशन बॅचला घातला. पण धीर सोडू नका. गेल्या शनिवारी मुलीच्या शाळेत 'मोफत करिअर मार्गदर्शन शिबिर' झालं, तिथे मी शेवटपर्यंत बसून होते. तिथलं ज्ञान, त्यात माझी थोडी भर घालून, तुमच्यापुढे ठेवते.

आधी मुलाला खोलीबाहेर पाठवा. करिअर ही मोठ्यांनी आपसात बोलायची गोष्ट आहे. लागलंच तर चहाचे कप उचलायला हाक मारावी.

शाखा टक्के बघून निवडावी. नव्वदच्या पुढे सायन्स, पंचाहत्तरच्या पुढे कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. आर्ट्स घ्यावंच लागलं तर नातेवाइकांना 'यूपीएससी करायचंय ना त्याला' असं सांगावं, म्हणजे अब्रू राहते. मुलाला काय आवडतं याला या हिशेबात जागा नाही. पुढे हाच मुलगा इंजिनिअर होऊन, सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेऊन इतिहास आणि राज्यशास्त्र घोकताना दिसला, तर नवल वाटून घेऊ नये. ते विषय सोळाव्या वर्षी घेतले तर पोरगं वाया गेलं, पंचविसाव्या वर्षी घेतले तर तयारी करतंय.

क्लास निवडताना फ्लेक्स बघावा. एकच टॉपर तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना दिसला, तर तिन्ही चांगले.

आता हुकमी उपाय: बोटांचे ठसे. शिबिराचा खरा कार्यक्रम हाच होता. कोट घातलेल्या एका सरांनी सांगितलं की मुलाच्या दहा बोटांत त्याच्या मेंदूचा नकाशा असतो. टेबलावर स्कॅनर आणि लॅपटॉप मांडलेला होताच. शिबिर मोफत, ठशांचे साडेतीन हजार. वर्गशिक्षिकांनी ग्रुपवर आदल्या दिवशीच लिहिलं होतं, 'सर्व पालकांनी सहकार्य करावे.' सहकार्य म्हणजे काय ते आपल्याला कळतं. आम्ही केलं.

चार दिवसांनी रंगीत अहवाल आला, चांगला जाडजूड. माझी मुलगी गणपतीत मंडळाच्या साउंडवाल्याच्या मागे-मागे असते, वायरी जोडते, घरातला मिक्सर तिने दोनदा उघडून बसवलाय. अहवालात तिला 'तो' म्हटलंय, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. त्याच्यात नेतृत्वगुण ७८ टक्के आहेत. त्याने डॉक्टर, वकील, इंजिनिअर, व्यवस्थापक, शिक्षक, खेळाडू किंवा कलावंत व्हावं. उरलं काय? तिच्या मैत्रिणीच्या अहवालातही हेच परिच्छेद, फक्त टक्के ७४. शेवटच्या पानावर क्लासच्या प्रवेशावर सवलतीचं कूपन.

बरं, ही बोटांवरची नक्षी तयार होते कधी? मूल आईच्या पोटात असताना, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून. म्हणजे पोरगी जन्माला यायच्या आधी ठरलं की तिने कॉमर्स घ्यावं! या धंद्यात 'बहुविध बुद्धिमत्ता' हा शब्द सारखा फेकतात. बुद्धी एकच नसते, अनेक प्रकारची असते, हा तो सिद्धांत हॉवर्ड गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडला, त्यावरही मानसशास्त्रज्ञांचे वाद आहेत, आणि त्यात बोटांच्या ठशांचा काडीचा संबंध नाही. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलेलं आहे. मी हात वर करून हे विचारलं, तर सर म्हणाले, "मॅडम, निगेटिव्ह विचार मुलांपर्यंत पोहोचतात." मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. आणि हो, अख्ख्या नववीच्या दहाही बोटांचे ठसे आता कोणाच्या लॅपटॉपमध्ये पडलेत, हे मुख्याध्यापकांना विचारलं तर तेही हसले. आधारचे ठसे देताना आपण शंभर शंका काढतो, आणि इथे रांगा लावल्या.

असो. रागावून चालणार नाही, आपण उपाय सांगतोय.

फुकट मिळालेल्या सल्ल्यावर विश्वास ठेवू नये. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असे कल त्यात निघायचे, पैसे लागायचे नाहीत. तिच्यातही खोट होतीच, पण निदान मुलांना प्रश्न तरी विचारले जायचे. तो कागद गुणपत्रिकेच्या मागे स्टेपल झाला आणि तिथेच राहिला.

अकरावीला इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास जोडून, घ्यावं. कॉलेज एकीकडे, क्लास दुसरीकडे, हजेरी तिसरीकडे. प्रॅक्टिकलची वही विकत मिळते.

नियम वाचू नयेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, असं केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये लिहून काढलं. म्हणून समोरचा सहावीतला मुलगा कोचिंगला जात नाही, 'ऑलिम्पियाड ॲक्टिव्हिटी'ला जातो.

आकडे तर मुळीच सांगू नयेत. २०२४ च्या नीटला देशभरातून २३ लाखांवर मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या साधारण निम्म्या खासगी कॉलेजांच्या. उरलेल्या वीस-बावीस लाखांचं काय, हे शिबिरात कोणी विचारलं नाही. त्यांच्यासाठी रिपीटर बॅच आहे.

आणि मूल अभ्यासाला बसत नसेल तर रामबाण वाक्य, आपल्या वडिलांनी वापरलं तेच: "आयटीआयला टाकीन हं!"

हे वाक्य त्या दिवशी स्टेजवरूनही आलं. पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी विनोद म्हणून सांगितलं, नव्वद टक्के मिळवा, नाहीतर फिटर-वेल्डर व्हाल. हॉल हसला. माझ्या शेजारी एक बाप बसला होता, कामाचा खाकी शर्ट घालून. तो हसला नाही.

इथून पुढे उपरोध मला जमणार नाही.

अहो, घरातला फ्यूज उडाला की वायरमनला चार-चार फोन करता ना? एसी बिघडला की मेकॅनिकची वेळ मिळेपर्यंत जीव टांगणीला? लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या ग्रुपवर गोंधळ घालता? ती माणसं कुठून येतात असं वाटतं तुम्हाला? दहावीनंतर दोन वर्षांत इलेक्ट्रिशियन होता येतं. तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हे तुमच्या मुलाला माहीत नाही, कारण तुम्हालाच माहीत नाही, आणि करून घ्यायचीही इच्छा नाही. पोरगं साउंडवाल्याच्या मागे गेलं तर तुम्हाला लाज वाटते, आणि कोटवाल्याला साडेतीन हजार मोजताना वाटत नाही!

शाळांनीही फार शहाजोगपणा करू नये. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे जाऊन काम बघायला, हात घालायला. आमच्या शाळेने ते दहा दिवस कसे भरले? चित्रकला स्पर्धा, योगासनं, आणि एक दिवस 'माझे करिअर' या विषयावर निबंध. अहो, ज्या मुलाने कधी कोणाला काम करताना पाहिलंच नाही, ते निबंधात लिहिणार काय? डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करीन, एवढंच. वर्गातल्या मुलांचे आईबाप परिचारिका आहेत, एसटीचे चालक आहेत, ग्रामसेवक आहेत, बेकरी चालवतात, कोर्टात टायपिंग करतात. त्यांच्यातल्या एकालाही आजवर शाळेने बोलावून विचारलं नाही, की तुमचा दिवस कसा जातो, पगार किती, कंटाळा कशाचा येतो. खाकी शर्टवाल्याला स्टेजवर बसवायला काय अडलं होतं? त्याच्याकडे कूपन नव्हतं, एवढंच ना?

पुढच्या महिन्यात दहावीच्या वर्गासाठी त्याच सरांना परत बोलावलंय म्हणे. बोलावू नका. सरकारी आयटीआय शाळेपासून बसच्या दोन थांब्यांवर आहे. प्राचार्यांना पत्र लिहा आणि पोरांना घेऊन जा.