मिस्त्रीने काम बिघडवलं म्हणून ‘व्यवहार मी केलाच नाही’ असं बँकेला सांगू नका

काल मामांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "आपलं काम झालं." बाथरूमचं पाणी खालच्या घराच्या छताला उतरलंय, मिस्त्री फोन उचलत नाही, हातात कागद एकही नाही. अशा माणसाला तो मेसेज गोड लागणारच. मेसेज थोडक्यात असा: कारागिराला क्रेडिट कार्डने पैसे दिलेत ना, मग बिल नको, करार नको. तीन दिवसांत बँकेला ‘हा व्यवहार माझा नाही’ असं कळवा, आरबीआयच्या नियमाने दहा दिवसांत पूर्ण पैसे परत. तोवर कार्डाचं बिल भरू नका.

आधी ते तीन आणि दहा दिवस कुठून आले ते बघू. ते आले रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दलच्या. तुमच्या नकळत तिसऱ्याच कुणी कार्ड वापरलं, त्यात चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आकडे उचलले आणि ‘अनधिकृत’ हा शब्द तेवढा गाळला. कार्ड तुम्हीच मशीनमध्ये घातलंत, पिन तुम्हीच दाबलात. टाइल्स वाकड्या बसल्या म्हणून तो व्यवहार अनधिकृत होत नाही.

आणि हे खोटं निरुपद्रवीही नाही. ‘व्यवहार माझा नाही’ म्हटल्याक्षणी बँक कार्ड बंद करते. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, जे काही त्या कार्डावरून आपोआप जात होतं ते अडकतं. मग बँक नोंदी काढते: चिप वापरली, पिन बरोबर होता, मशीन तुमच्याच गल्लीतलं. दावा फेटाळला जातो. त्यानंतर ‘खरं तर काम खराब होतं’ म्हणून दुसरा अर्ज केलात, तर तुमचाच पहिला अर्ज तुमच्याविरुद्ध पुरावा. काही शहाणे याच्यापुढे जाऊन १९३० वर सायबर फसवणुकीची तक्रार टाकायला सांगतात. त्याने समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठू शकते, आणि कुणाला त्रास व्हावा म्हणून सरकारी यंत्रणेला खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे. फसलेला माणूस आरोपी कसा होतो, त्याचा हा सरळ रस्ता.

‘बिल भरू नका’ हाही शुद्ध वेडेपणा. वाद चालू असला तरी वादाबाहेरच्या रकमेवर व्याज, उशीर झाला की दंड, आणि थकबाकीची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे. वादातली रक्कम वगळून भरायचं असेल, तर बँकेकडून ते लेखी घ्या. नाही मिळालं तर पूर्ण भरा. भरल्याने तुमचा वाद संपत नाही.

आता ‘बिल नको’. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. तोंडी ठरलेला करारही करारच असतो. आणि निकृष्ट सेवेसाठी पैसे मागे घेण्याची वेगळी वाट कार्ड कंपन्यांच्या नियमांत आहे, तिला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डमध्ये मुदत साधारण १२० दिवसांची, तीन दिवसांची नव्हे. पण कार्डाची स्लिप फक्त पैसे गेल्याचं सांगते. काय ठरलं होतं, ते सांगत नाही, आणि भांडण नेमकं त्यावरच आहे. शिवाय स्लिपवरचं नाव वाचा. बऱ्याच मिस्त्रींकडे स्वतःचं मशीन नसतं, ओळखीच्या टाइल्सवाल्याच्या दुकानात कार्ड घासायला नेतात. मग बँक विचारणार टाइल्सवाल्याला, आणि तो म्हणणार, "माल दिला, विषय संपला." कार्डावरून पैसे पाठवणारं अ‍ॅप वापरलं असेल तर आणखी अवघड. अ‍ॅपचं काम पैसे पोचवणं, ते त्याने केलं.

कागद नसेल तर तो आज तयार करा. मिस्त्रीला व्हॉट्सअ‍ॅप करा, शिव्या न घालता: "३ तारखेला ठरल्याप्रमाणे बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स, ८५,०००, कार्डने दिले. आज खालच्या छताला ओल आहे. सात दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर वॉटरप्रूफिंगचे पैसे परत द्या." "येतो उद्या" एवढं उत्तर आलं तरी पुष्कळ, काम आपण केल्याचं त्याने नाकारलं नाही. दुरुस्तीची संधी दिली होती का, हे बँकही विचारते. दुसऱ्या ठेकेदाराकडून दोष आणि दुरुस्तीचा खर्च लेटरहेडवर लिहून घ्या. मागायचं तेवढंच मागा: टाइल्स नीट असतील तर ८५,००० नाही, वॉटरप्रूफिंगपुरतेच. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वेळेची माहिती गमावतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चार्जबॅकला बँकेने नाही म्हटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंत फी नाही. तिथे कार्डाचं स्टेटमेंट पैसे दिल्याचा पुरावा म्हणून चालतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघायला हरकत नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल मात्र बँकेची चूक तपासतो, मिस्त्रीची नाही.

मामांना तूर्त एकच सांगितलंय, दुसऱ्या गवंड्याला टाइल्स फोडू देऊ नका. फोडल्या की पुरावा डबर होऊन खाली जातो. आधी एक दिवस बाथरूम कोरडं ठेवायचं. तरी खाली थेंब पडत असेल तर दोष भिंतीतल्या पाइपचा असू शकतो, तो या मिस्त्रीच्या माथी मारता येणार नाही. थेंब थांबला, तर खालच्यांना सांगून नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या जाळीचं, तोंड बंद करायचं, दोन इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळी आखायची आणि २४ तासांनी वर-खाली दोन्हीकडचे फोटो काढायचे.